स्वसंरक्षणासाठी पिस्तूल? सोसायटीच्या सभेपुढचा ठराव आणि माझा विरोध

घोडबंदरची:

नमस्कार मंडळी. कासारवडवलीच्या पुढे आमची सोसायटी आहे. मागे डोंगर, पुढे घोडबंदर रोड. दिवाळीच्या सुट्टीत इथे दोन घरं फुटली. एका घरात म्हातारी बाई एकटी होती, चोराने तिला ढकललं आणि तिच्या मनगटाचं हाड मोडलं. तेव्हापासून कोणाला धड झोप नाही. मला ती भीती कळते, माझ्या सासूबाईही दिवसभर घरी एकट्याच असतात.

आता सर्वसाधारण सभेपुढे ठराव आलाय. गेटवर बंदूकधारी गार्ड ठेवायचा आणि ज्या सभासदांना पिस्तुलाचा परवाना काढायचाय त्यांना सोसायटीने शिफारसपत्र द्यायचं. ठराव मांडणारी माणसं सज्जन आहेत, अडीअडचणीला धावून येणारी आहेत. तरीही माझा दोन्ही गोष्टींना विरोध आहे आणि सभेत तो मला नीट मांडता यायला हवा, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच, की हत्यार चोरासाठी घेतलं तरी चोर येईपर्यंत ते आपल्यातच राहणार. चोर वर्षा-दोन वर्षांत एखादा येईल. भांडणं रोज होतात. पार्किंगवरून दोन सभासदांनी एकमेकांची कॉलर धरलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, दोघांची मुलं बाजूला रडत उभी होती. त्या वेळी त्यातल्या एकाच्या कमरेला पिस्तूल असतं तर? आणि हा काही कल्पनेचा खेळ नाही. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, गोळीबार झाला. जमिनीचा वाद, समोरासमोर बसलेले ओळखीचे लोक, आजूबाजूला पोलीस. आणि अटक झाली ती तेव्हाच्या आमदाराला. पोलीस ठाण्यात जे थांबलं नाही ते आमच्या पोडियमवर कोण थांबवणार?

ज्यांच्याकडे परवाना आहे, ज्यांनी हत्यार वापरलंय, कायदा माहीत आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहा. विरोधी मतंही हवीच आहेत.

जांभळी नाका:

ताई, माझ्याकडे परवाना आहे, म्हणून लिहितो. वडिलोपार्जित सराफी पेढी. झवेरी बाजारातून माल आणायचा तर पूर्वी आम्ही डब्यात घालून लोकलने आणायचो. एकदा आमच्या ओळखीच्या पेढीवर दरोडा पडला, तेव्हा वडिलांनी अर्ज केला, पुढे माझ्या नावावर परवाना झाला. .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्यांचं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं.

लोकांना वाटतं कमरेला हत्यार असलं की माणूस निर्धास्त होतो. माझा अनुभव उलटा आहे. हत्यार अंगावर असलं की मी रस्त्यात कोणाशी हुज्जत घालत नाही, रिक्षावाल्याशीसुद्धा नाही. गाडीला मागून कोणी ठोकलं तरी हात जोडून निघतो. लग्नकार्याला गेलो तर ते घरी तिजोरीत, कारण कोणी मिठी मारली तरी जीव वर-खाली होतो. गर्दीच्या लोकलमध्ये तर मी ते कधीच नेत नाही, दारात लटकणाऱ्याचा धक्का कुठे लागेल सांगता येत नाही. दारूला स्पर्श नाही. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत दर आठवड्याला तेलपाणी करावं लागतं, नाहीतर गोळ्यांच्या फिरत्या सिलिंडरच्या खाचेत गंज धरतो. तेलपाण्याकडे दुर्लक्ष केलेल्या एका परिचिताचं सिलिंडर ऐन सरावाच्या वेळी फिरेना.

आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. लोकसभा, विधानसभा, महापालिका. म्हणजे ज्या काळात रोकड तपासणीमुळे सगळे धास्तावलेले असतात, नेमक्या त्या काळात हत्यार आमच्याकडे नसतं, आणि तरी धंदा चालतो. कसा? दोन माणसं बरोबर, वेळ बदलती, रस्ता बदलता, विमा पूर्ण. खरं संरक्षण तेच आहे असं माझं मत झालंय. परवाना मी सोडणार नाही, पण सोसायटीने शिफारसपत्रं वाटावीत हे मला अजिबात पटत नाही.

ऐरोलीकर:

मला ठराव योग्य वाटतो. शांतपणे सांगतो.

सामान्य माणसाने मार खायचा आणि मग पंचनाम्याला हजर राहायचं, हे किती दिवस? माझ्या मोठ्या भावाला एमआयडीसीच्या रस्त्यावर रात्री तिघांनी अडवलं, चाकू लावला, मोबाईल आणि दुचाकी नेली. तो हातापाया पडला म्हणून वाचला. गाडी आजतागायत मिळालेली नाही. गुन्हेगार परवाना मागत नाही. मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनकडून येणारे गावठी कट्टे ठाणे-नवी मुंबईत पकडले गेल्याच्या बातम्या आपण सतत वाचतो, म्हणजे न पकडलेले किती असतील? कायदा पाळणारा तेवढा निःशस्त्र, हा कुठला न्याय?

आणि इतिहासही विसरू नका. १८७८ चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनच्या काळात इंग्रजांनी आणला तो आपल्याला नि:शस्त्र ठेवायला. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव होत होते. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, पण संशय जनतेवर तो जनतेवरच राहिला. २६/११ ला तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे, पण त्यांच्या हातात लाठीच का होती हा प्रश्न मी विचारणारच.

खाकी निवृत्त:

नोकरीची बरीच वर्षं ठाणे ग्रामीण आणि आयुक्तालयात गेली, सध्या मुक्काम खारघर. परवान्यांच्या चौकशीचे कागद माझ्या टेबलावरून खूप गेले, त्यामुळे थोडं विस्ताराने.

आधी प्रक्रिया, कारण ठरावात ती फार सोपी समजलेली दिसते. आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात, बाहेर जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण हवं. कायद्याच्या कलम १३ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. २०१६ च्या नियमांनी वैद्यकीय दाखला आणि हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण आणलं. अर्जदाराच्या जिवाला धोका कुठून आहे, हा चौकशीतला मुख्य प्रश्न असतो. ‘सोसायटीत चोरी झाली’ या कारणावर मी तरी अनुकूल अहवाल दिला नसता. श्रीमंती-गरिबीचा मात्र संबंध नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही, असं कलम १४ स्पष्ट सांगतं. नाकारला तर अपील आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. सार्वजनिक जागी नेताना पिस्तूल कव्हरमध्ये, झाकलेलं हवं. ते काढून दाखवलं, की गुन्हा. लग्नात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता मुद्द्याचं. सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलिसाने १९८३ मध्ये एक हिशेब मांडला होता, तो जगभर प्रशिक्षणात शिकवला जातो. चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि तयारीतला पोलीस कव्हरमधून पिस्तूल काढून गोळी झाडायला जवळपास तेवढाच वेळ घेतो. तयारीतला पोलीस, लक्षात घ्या. आपल्या घराचा हॉल १५-१६ फुटांचा. रात्री अडीचला तुम्ही झोपेतून उठणार, चष्मा शोधणार, कपाट उघडणार, कारण मुलं आहेत म्हणून पिस्तूल कुलपात आणि गोळ्या वेगळ्या खणात. चुकून वेळेत हातात आलंच तर अंधारात समोर चोर आहे की पाणी प्यायला उठलेला मुलगा? नेम चुकला तर गोळी फ्लश डोअरमधून आरपार जाते आणि पलीकडे कोण झोपलंय हे तुम्हालाच ठाऊक. आणि हात थरथरतो हो. सरावाला कागदावर मध्यात मारणारे जवान पहिल्या खऱ्या प्रसंगात दहा पावलांवरून चुकलेले मी पाहिलेत. नाडी इतकी धडधडते की बोटांना काही कळत नाही.

ऐरोलीकर, तुमच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण तिघे, चाकू गळ्याशी, हातभर अंतर. तिथे त्याने कमरेकडे हात नेला असता तर आज तो तुम्हाला दिसला नसता. पिस्तूलही तिघांकडे गेलं असतं. तो हातापाया पडला, त्याने बरोबर केलं. त्याची गाडी मिळायला हवी होती, ती आमच्या खात्याची उधारी आहे आणि ती मी मान्य करतो.

प्रशिक्षित माणसाच्या हातातलं हत्यारही धोक्याबाहेर नाही. ३१ जुलै २०२३ ला पालघरजवळ जयपूर-मुंबई सुपरफास्टमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना सरकारी हत्याराने मारलं. पालघर इथून किती लांब? ज्यांनी त्याला ड्युटीवर पाठवलं त्यांनाही आतलं वादळ दिसलं नाही. सोसायटीची कमिटी शिफारसपत्र देताना कोणाच्या मनात काय चाललंय हे कसं ओळखणार आहे?

कोर्टनाका:

साहेबांच्या प्रतिसादानंतर कायद्याचं थोडं.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून लागू. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण अशा भीतीत हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो जातो, कलम ३८. मालमत्तेसाठी कलम ४१, त्यात दरोडा आणि सूर्यास्तानंतरची घरफोडीही येते. म्हणजे कायदा तुम्हाला हातावर हात ठेवून बसायला सांगत नाही. २०१० च्या दर्शनसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे म्हटलं आहे, की अशा वेळी नागरिकाने पळपुटेपणा करावा अशी अपेक्षा नाही.

पण कलम ३७ आहे. गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी लागली की तुमची बाजू लंगडी. आणि प्रसंग स्वसंरक्षणाचा होता हे दाखवण्याचा भार आरोपीवर, म्हणजे तुमच्यावर. सरकारी पक्षाइतका जड भार नाही, संभाव्यतेवर भागतं, पण तोवर अटक, जामीन, हत्यार जप्त, तारखा. पोलिसांनाही यातून सूट नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत आरोपीवर गोळी झाडली गेली, तेव्हा स्वसंरक्षणाचाच दावा होता, आणि तो दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीपुढे आणि उच्च न्यायालयापुढे गेला.

ऐरोलीकरांच्या इतिहासाबद्दल: १८७८ चा कायदा अन्यायाचा होता, यात वाद नाही. पण शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क आपल्या राज्यघटनेत घटनाकारांनी घातला नाही, आणि २०२३ मध्ये बेकायदा हत्यारांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेशी असलेला हा फरक बोलूनही दाखवला.

कळवा नाईट ड्युटी:

मी नर्स आहे. रात्रपाळी संपवून पहाटे कळवा स्टेशनवरून डोंबिवली गाठते. बाईच्या हातात पिस्तूल द्या, म्हणजे प्रश्न सुटेल, असं बोलणारे पुरुष मला दर थोड्या दिवसांनी भेटतात. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलं होतं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. माझ्यासारखीच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी. घेतलं समजा, तर वॉर्डात कुठे ठेवू? एप्रनच्या खिशात? नर्सेस रूमच्या कपाटाची कडी गेल्या पावसाळ्यापासून तुटलेली आहे, तिथे?

आमच्याकडे जखमी होऊन येणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना मारणारा घरातला असतो. नवरा, दीर, कधी मुलगा. त्या घरात हत्यार असतं तर ते तिच्या हातात नसतं, त्याच्या हातात असतं. हे लिहिताना माझे हात आवळले जातात, कारण चेहरे समोर येतात.

मी पर्समध्ये मिरचीचा स्प्रे ठेवते, त्याला परवाना लागत नाही. वाऱ्याची दिशा बघून मारावा लागतो, नाहीतर आपल्याच डोळ्यांत. ११२ स्पीड डायलवर, रेल्वेचा १३९ पाठ. आणि खरं सांगू, पुलाच्या उतरणीवरचे दिवे लागले आणि पहाटेच्या गाडीच्या महिला डब्यात पोलीस दिसू लागला, तेव्हा मला जितकं सुरक्षित वाटलं तितकं कशानेच वाटलं नाही. दिवे गेले की आम्ही पाचजणी एकत्र निघतो, एकमेकींसाठी थांबतो.

ह्यूस्टनचा ठाणेकर:

नौपाड्यात वाढलो, बरीच वर्षं टेक्ससमध्ये आहे. इथे १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेक लोकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. रोजचं जगणं कसं बदलतं ते सांगतो. दुकानांच्या दारावर कलम ३०.०६, ३०.०७ च्या पाट्या, म्हणजे हत्यार आत आणू नका. रस्त्यात कोणी चुकीचं वळण घेतलं तर हॉर्न वाजवू नको, असं मी मुलाला गाडी शिकवताना पहिल्या दिवशी सांगितलं. त्याच्या मित्राकडे राहायला पाठवताना बायको फोन करून विचारते, घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का. हा प्रश्न विचारायला तिला सुरुवातीला संकोच वाटायचा, आता वाटत नाही.

२०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त, २७ हजारांच्या आसपास, आत्महत्या होत्या. स्वसंरक्षणाच्या चर्चेत हा आकडा कोणी घेत नाही. वाईट रात्र सगळ्यांच्या आयुष्यात येते, आणि बहुतेक माणसं ती निभावून सकाळ बघतात. घरात भरलेलं पिस्तूल असेल तर ती संधी राहत नाही. तुमच्या टॉवरमध्ये बोर्डाच्या परीक्षेला बसलेली, नोकरी गेलेली, कर्जात अडकलेली माणसं असतीलच ना.

ऐरोलीकर:

ह्यूस्टनकर, अर्धंच सांगताय. १७ जुलै २०२२, इंडियानातला ग्रीनवुड मॉल. हल्लेखोराने तिघांना मारलं आणि २२ वर्षांच्या एका साध्या ग्राहकाने स्वतःच्या पिस्तुलाने त्याला पंधरा सेकंदांत थांबवलं. तो तरुण निःशस्त्र असता तर? आणि त्याच वर्षी २४ मे ला तुमच्याच राज्यात युवाल्डीच्या शाळेत पोलीस शेकड्यांनी जमले आणि सव्वा तासाहून जास्त वेळ बाहेर थांबले. १९ मुलं, दोन शिक्षिका. पोलिसांची वाट बघा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

ह्यूस्टनचा ठाणेकर:

ग्रीनवुडचा तरुण शूर होता, यात शंका नाही. त्याने कित्येक जीव वाचवले. युवाल्डीबद्दल तर इथे आजही लोकांचा संताप आहे, माझाही.

पण जून २०२१ मधलं कोलोरॅडोतलं अर्वाडाही बघा. एकाने पोलिसाला मारलं, तिथे असलेल्या एका नागरिकाने पुढे होऊन त्याला आपल्या पिस्तुलाने टिपलं, आणि मग आलेल्या पोलिसाने त्या नागरिकालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. तो मेला. त्याची चूक काहीच नव्हती. गर्दीत पोलिसाला फक्त हातातलं हत्यार दिसतं. ठाणे स्टेशनचा सॅटिस पूल संध्याकाळी सात वाजता डोळ्यांपुढे आणा आणि तिथे दोन-चार सज्जनांनी पिस्तुलं काढली आहेत असं समजा.

बेलापूर पट्टी:

अवांतर वाटेल, पण लिहिते. माझी मुलगी रायफल नेमबाजी करते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकलं, त्यानंतर तर तिला दुसरं काही सुचत नाही. रेंजवर शिस्त इतकी कडक असते, की प्रशिक्षकांच्या हुकुमाशिवाय हत्याराला बोट लावलं तर त्या दिवसाचा सराव बंद. बोट चापाबाहेर, तोंड कायम लक्ष्याकडे, चेंबर रिकामं दाखवून मगच मागे वळायचं. हत्याराबद्दल आदर तिथे आला. म्हणून ज्या माणसाने कधी रेंजचं तोंड पाहिलं नाही त्याने ते कमरेला लावून मॉलमध्ये फिरावं, हे मला भयंकर वाटतं.

गेटवरच्या बंदूकधारी गार्डबद्दल कोणी बोललंच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवकाचा फेसबुक लाइव्ह चालू असताना खून झाला, त्यातलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होतं. गार्डची बंदूक गार्डच्याच हातात राहील हे कोण बघणार?

खाकी निवृत्त:

अगदी योग्य प्रश्न. एजन्सीकडे २००५ च्या खासगी सुरक्षा कायद्याखालचा परवाना आहे का, गार्डचा शस्त्र परवाना कुठल्या राज्याचा आहे, तो महाराष्ट्रात चालतो का, त्यावर राष्ट्रीय नोंदीचा युआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का, हे सगळं मूळ कागदावर बघा, झेरॉक्सवर नाही. बारा तासांच्या ड्युटीनंतर हत्यार कुठे ठेवतो तेही विचारा. मी पाहिलंय, खाटेखाली. तेही लेबर कॅम्पच्या खोलीत, जिथे आठजण झोपतात.

घोडबंदरची:

सगळ्यांचे मनापासून आभार. जांभळी नाका, तुमचा प्रतिसाद सभेत वाचून दाखवू का? नाव-गाव न सांगता.

या चर्चेमुळे मी मागच्या रविवारी कमिटीच्या दोघांना घेऊन सोसायटीभोवती फिरले. डोंगराकडची भिंत एका ठिकाणी जेमतेम कमरेएवढी आहे, तिथे ठेकेदाराने टाकलेल्या विटांचा ढीग पायरीसारखा लागलेला. त्या बाजूचे तिन्ही दिवे बंद. कॅमेरा आहे, पण त्याच्यापुढे बदामाची फांदी आलेली. फुटलेली दोन्ही घरं त्याच बाजूच्या पहिल्या मजल्यावरची, डक्टच्या खिडकीला ग्रिल नसलेली. रात्रीचे गार्ड दोन, त्यातला एक दिवसाची पाळीही करतो, मग तो झोपेल नाहीतर काय करेल? बंदूकधारी गार्डसाठी जो जादा खर्च ठरावात धरलाय तेवढ्यात तिसरा गार्ड, भिंत, दिवे आणि ग्रिल होतात. मी आकडे काढून ठेवलेत. बीटच्या हवालदारांना सभेला बोलावण्याचं पत्रही दिलंय, रात्रीच्या गस्तीची वही आमच्या मागच्या गेटला ठेवावी अशी मागणी त्यात आहे. ज्या आजींना दुखापत झाली त्या मला म्हणाल्या, बंदूक नको, रात्री कोणीतरी दाराशी हाक मारून जा. शेजारच्या टॉवरमधल्या चार-पाचजणींनी ते सुरूही केलंय.

जांभळी नाका:

खुशाल वाचा. फक्त माल कसा आणतो तो भाग गाळा.

ऐरोलीकर:

सगळं वाचलं. भिंत, दिवे, ग्रिल, सगळं कराच. तरीही माझं मत पूर्ण बदललेलं नाही. भावाच्या रस्त्यावर ना तुमची भिंत आहे ना तुमचा गार्ड. मी परवान्यासाठी अर्ज करणार आहे. आधी रेंजवर रीतसर शिकेन, साहेबांचं ते म्हणणं मला पटलंय.

घोडबंदरची:

ऐरोलीकर, अर्ज करण्याचा तुम्हाला अधिकार आहे आणि तुमच्या भावाच्या रस्त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, त्यासाठी पोलिसांच्या दारात आपण दोघांनीही जायला हवं. तुमचा अर्ज तुमच्या नावाने जाईल, चौकशी तुमची होईल, जबाबदारी तुमची राहील. माझ्या सोसायटीच्या लेटरहेडवर मात्र ती शिफारस जाऊ नये, एवढ्यासाठी मी सभेत उभी राहणार आहे. सभा येत्या रविवारी सकाळी दहाला, क्लबहाउसमध्ये. निकाल इथेच लिहीन.